भिंग तेच आहे, धूसर काय झालं ते आधी बघा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं माहेर खानापूर तालुक्यात, लग्न होऊन मी बेळगावात वडगावला असते. आमचे आप्पा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं, तिथून बेळगावला नेऊन उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि भिंग बसवलं. पैसे काही घेतले नाहीत. पट्टी काढल्यावर आप्पा एकदम खूश होते, बांधावरून भातातलं तण ओळखायचे. गेल्या सहा-सात महिन्यांत त्याच डोळ्यानं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय. संध्याकाळी समोरून गाडी आली की उजेड फाकतो आणि काही सुचत नाही म्हणतात. शिवाय ऑपरेशन झाल्या दिवसापासून उजव्या कानाकडच्या कोपऱ्यात काळी कमान दिसते, ती अजून गेलेली नाही.

खानापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागं पापुद्रा आलाय, लेसर करावं लागेल. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, फुकटच्या शिबिरात हलकं भिंग घातलं, ते काढून साठ हजाराचं परदेशी घालूया, मग चष्माच नको. शेजारचे म्हणतात मोतीबिंदू परत आला. आप्पांना बारा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डोळा लाल झाला की मेडिकलमधून ऑपरेशनच्या वेळचेच पांढरे थेंब आणून घालतात. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण आप्पा म्हणतात, एका डोळ्याचं काय झालं ते बघितलं, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. आम्ही कोणाचं ऐकायचं?

एक लेक, वडगाव

उत्तर

ताई, पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. धूसर दिसणं सहा-सात महिन्यांपासूनचं आणि काळी कमान पहिल्या दिवसापासूनची. माझ्या टेबलासमोर बसणारे बहुतेक जण ‘दिसत नाही’ एवढंच सांगतात आणि ‘कधीपासून’ विचारलं की एकमेकांकडं बघतात. भिंग बसवलेल्या डोळ्याची तक्रार असली की आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो, कारण पहिल्या दिवसापासूनची तक्रार, वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू आलेली तक्रार आणि काल रात्री अचानक आलेली तक्रार या तीन वेगळ्या जागच्या असतात. तुमच्या घरात सध्या सगळेच भिंगाला दोष देताहेत. भिंगाकडं मी शेवटी येतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं आधी निकालात काढूया. मोतीबिंदू परत येत नाही. आपल्या डोळ्यातलं मूळ भिंग एका पातळ पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये त्या पिशवीला पुढून गोल भोक पाडतात, आतला गढूळ झालेला गर काढून टाकतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. मागची बाजू मुद्दाम शाबूत ठेवलेली असते, कारण भिंग तिच्यावरच टेकतं. गर गेला म्हणजे मोतीबिंदू व्हायला काही उरलेलं नाही. मात्र पिशवीच्या कडेला काही पेशी चिकटून राहतात. कितीही साफ केलं तरी सगळ्या निघत नाहीत. त्या हळूहळू वाढत मागच्या बाजूवर पसरतात आणि चष्म्याच्या काचेला मागून वाफ धरावी तसं होतं. काच चांगलीच असते, तिच्यामागं धूसर असतं. खानापूरच्या डॉक्टरांनी ‘पापुद्रा’ म्हटलं ते हेच.

यात ऑपरेशन करणाऱ्याची चूक नसते आणि रुग्णाच्या पथ्याचीही नसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उशिरा येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात नेहमीची. जुन्या प्रकारच्या भिंगांचा हिशोब असा होता की पाच वर्षांच्या आत साधारण चारात एकाला पापुद्रा धरायचा. पुढं भिंगाची मागची कड धारदार चौकोनी करायला लागले, त्या कडेपाशी पेशी अडतात आणि प्रमाण बरंच उतरलं. उतरलं, थांबलं नाही. वय कमी असेल तर तो लवकर येतो. पुण्यात साठ हजार दिले असते तरी येऊ शकला असता, हे भावाला सांगा.

आप्पांच्या तक्रारीची चालही तशीच आहे. आधी स्वच्छ, मग महिन्यामहिन्यानं उतरत गेलेलं, दुखणं नाही, समोरच्या दिव्याचा उजेड फाकणारा. तेव्हा पापुद्र्याचं निदान बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. तरीही मी तुम्हाला लगेच ‘लेसर करून टाका’ म्हणणार नाही. कारण सांगतो, आणि इथं थोडा वेळ घेतो, कारण घाईत नेमकी हीच पायरी सुटते.

लेसर म्हणजे काय होतं? मागच्या पापुद्र्याच्या मधोमध, बाहुलीच्या समोर, एक खिडकी पाडतात. याला याग लेसर म्हणतात. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, हनुवटी यंत्रावर टेकवून बसवतात, पाच-दहा मिनिटांत काम होतं. चिरा नाही, टाका नाही, पट्टी नाही, भरती व्हायची गरज नाही. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशीच फरक कळतो. काही दिवस डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, ते पापुद्र्याचे तुकडे, ते खाली बसतात. एकदा खिडकी पडली की सहसा पुन्हा करावं लागत नाही. एवढं सगळं चांगलं आहे. पण ती खिडकी पडली की पिशवी उघडी झाली. त्यानंतर कधी भिंग बदलायची वेळ आली तर ते काम अवघड आणि जास्त जोखमीचं होतं, कारण मागचा आधार गेलेला असतो आणि त्यामागची काचेसारखी जेली पुढं येऊ शकते. म्हणून लेसर करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं हवं: धूसर झालंय ते पापुद्र्यावर की खुद्द भिंगात?

होय, भिंग स्वतःही धूसर होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. पाणी शोषणाऱ्या ॲक्रिलिकच्या काही भिंगांत वर्षा-दोन वर्षांनी कॅल्शियमचे बारीक कण साचतात आणि भिंगच दुधाळ दिसायला लागतं. मधुमेहाच्या रुग्णांत असे प्रकार नोंदले गेलेत. घाईघाईत बघितलं तर ते पापुद्र्यासारखंच वाटतं. मग लेसर होतो, फरक पडत नाही, पुन्हा लेसर होतो, आणि शेवटी लक्षात येतं की बदलायला हवं होतं भिंग. तोवर पिशवी फुटलेली असते. बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, नीट बघितलं तर हे ओळखता येतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पापुद्रा धूसर आहे की भिंग?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. रागावला तर दुसऱ्याला दाखवा, बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांची टंचाई नाही.

भावाला अगदीच खोटं पाडू नका म्हणतो ते एवढ्यासाठी. भिंग बदलण्याची वेळ असते. भिंग धूसर झालं, जागेवरून सरकलं, नंबर फारच चुकला, किंवा लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या अनेक टप्प्यांच्या भिंगाशी रुग्णाचं जमलंच नाही, तर बदलतात. पण बदलणं म्हणजे दुसरं ऑपरेशन, पहिल्यापेक्षा अवघड, आणि दोन वर्षांनी भिंग पिशवीला चिकटलेलं असतं. निव्वळ ‘हलकं होतं’ म्हणून कोणी ते काढत नाही.

आता ‘हलकं’ या आरोपाबद्दल. शिबिरातून आलेल्या रुग्णांना बऱ्याचदा न दुमडणारं, पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचं भिंग बसवतात. त्याला साधारण सहा मिलिमीटरची चीर लागते, दुमडणाऱ्या भिंगाला तीनहून कमी पुरते. चीर मोठी म्हणून भरायला थोडे दिवस जास्त, चष्म्याला थोडा तिरका नंबर येऊ शकतो, पापुद्राही जरा जास्त धरतो. तोटे एवढेच. डोळ्यात ते कुजत नाही, झिजत नाही, त्याची मुदत संपत नाही. आणि डोळ्यात टिकणारं पहिलं प्लास्टिक तेच. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छपराचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते. डोळ्यांनी ते तुकडे निमूट सहन केले, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. पहिल्या बाईंच्या डोळ्यानं ते स्वीकारलं, नंबर मात्र एवढा चुकला की त्यांना जाडजूड मायनसचा चष्मा लागला.

आपल्याकडं हे भिंग गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचलं ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयामुळं. त्यांच्या ऑरोलॅबनं १९९२ मध्ये भिंगं देशातच बनवायला घेतली आणि आयात भिंगाची किंमत लोकांना परवडत नव्हती तिथं काही शे रुपयांत भिंग मिळायला लागलं. त्याआधी आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदू काढून भिंगच बसवत नसत, बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे मिळायचे. तुमच्या आजोबांच्या वयाच्या कोणाला तरी तो चष्मा होता का, आप्पांना विचारून बघा. फुकटात म्हणजे फालतू असं मी म्हणू देणार नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, शिबिरात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन इस्पितळाच्या थिएटरमध्येच करायचं हा त्यातला कडक नियम. तुमच्या आप्पांना बेळगावला नेलं ते त्यासाठीच.

पण फुकटच्या ऑपरेशनबद्दल माझी एक तक्रार आहे, ती भिंगाची नाही. नंतर कोणी बघत नाही. एका दिवशी पन्नास ऑपरेशनं होतात, महिन्यानं चष्मा देतात, आणि मग पुन्हा या असं कोणी म्हणत नाही. आप्पांच्या पापुद्र्याची गोष्ट तिथंच कोणीतरी सांगितली असती तर त्यांना ‘डोळा गेला’ असं वाटलं नसतं.

काळ्या कमानीकडं येतो. ती ऑपरेशनपासूनची आहे, कानाकडच्या बाजूला आहे, वाढलेली नाही. तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर ही कृत्रिम भिंगाची एक ओळखीची खोड आहे. मूळ भिंग जाड आणि मोठं असतं, कृत्रिम पातळ आणि लहान. कानाकडून तिरका येणारा उजेड त्याच्या कडेशी विस्कटतो आणि पडद्याच्या नाकाकडच्या एका पट्टीवर पुरेसा पोचत नाही, तेवढी सावली दिसते. (पडदा म्हणजे डोळ्याच्या तळाशी चित्र उमटतं तो, मघाचा पापुद्रा वेगळा.) बहुतेकांची ही सावली काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत मेंदू विसरून जातो. काहींची राहते. रुग्ण सांगतो आणि आम्हाला तपासणीत काही सापडत नाही, त्यामुळं पुष्कळ डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून वाटेला लावतात. काही नाही असं नसतं, फक्त धोका नसतो. जाड कांड्यांची चष्म्याची फ्रेम घातली की कानाकडचा उजेड अडतो आणि कमान फिकी होते. आधी तेवढं करून बघा, तीनशे रुपयांचा उपाय आहे. लेसरनं ही कमान जाईल असं समजू नका.

मात्र अशीच सावली दुसऱ्या कोणाला आजच पहिल्यांदा दिसली, आणि तिच्याबरोबर अंधारात विजा चमकल्यासारखं होत असेल, काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस पडल्यासारखं वाटत असेल, काळी सावली बाजूनं आत सरकत असेल, तर ती कमान नाही. पडदा सुटतोय. ऑपरेशननंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीही हे होऊ शकतं, ज्यांना मुळात जाड मायनसचा चष्मा होता त्यांना जास्त. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा. रात्री चिकोडीहून किंवा निपाणीहून निघावं लागलं तरी निघायचं, मिरज-कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडं. राज्याची हद्द आडवी आली तरी पडदा थांबत नाही.

आप्पांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटली ती दोन गोष्टींची, आणि त्यातली एकही तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेली नाही.

पहिली शुगर. बारा वर्षं शुगर असलेल्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा बघायला हवा, मोतीबिंदू असो नसो. शुगरमुळं पडद्याच्या मधोमध सूज येते, तेव्हाही धूसरच दिसतं. पापुद्रा आणि पडद्याची सूज एकाच डोळ्यात असू शकतात. मग लेसर झाला, पापुद्रा गेला, तरी दिसत नाही आणि घरात भांडण सुरू. शिवाय याग लेसरनंतर थोड्या जणांना पडद्याला सूज येते, ती शक्यता शुगरवाल्यांत जास्त. तेव्हा लेसरच्या आधी पडद्याची तपासणी आणि जमलं तर ओसीटी स्कॅन करून घ्या. हे पडद्याचं चित्र काढण्यासारखंच आहे, डोळ्याला काही लागत नाही. उलट, पापुद्रा फार दाट असेल तर पडदा नीट दिसतच नाही, तेव्हा डॉक्टर आधी लेसर करून मग पडदा बघू म्हणतील. तेही बरोबर.

दुसरी गोष्ट ते पांढरे थेंब. ऑपरेशननंतर जे दुधासारखे थेंब देतात ते बहुतेक वेळा स्टेरॉइडचे असतात. बाटली हलवून घालायचे, ठरलेल्या दिवसांत कमी करत बंद करायचे. डोळा लाल झाला की मेडिकलमधून तीच बाटली आणायची सवय आपल्याकडं फार आहे आणि मेडिकलवालाही देतो, कारण लाली एका दिवसात जाते. महिनोन्‌महिने असं चाललं की काही जणांच्या डोळ्याचा दाब चढतो. दुखत नाही, लाल होत नाही, आणि बाजूबाजूची नजर हळूहळू कमी होते. काचबिंदू. ती नजर परत आणता येत नाही. म्हणून आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून घ्या आणि काळी कमान आहे म्हणून आजूबाजूच्या नजरेची तपासणीही एकदा होऊ द्या. माझा अंदाज कमान साधी आहे, पण थेंबांचं ऐकल्यावर मी अंदाजावर सोडणार नाही. लेसरनंतर तास-दोन तासांत दाब थोडा चढू शकतो, म्हणून त्या दिवशी मोजतात आणि थेंब देतात; आधीच चढलेला असेल तर डॉक्टरांना ते माहीत हवं. घरातली पांढरी बाटली आजच फेकून द्या. डोळा परत लाल झाला तर दाखवायला न्या.

भिंग सरकण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी दोन ओळी. डोळ्याला मार लागला असेल, एकाच डोळ्यानं दोन-दोन दिसत असेल, भिंगाची कड दिसते म्हणत असतील, तर भिंग जागचं हललं असू शकतं. शेतात बैलाचं शिंग, उसाचं पातं, मुलांचा चेंडू, काहीही निमित्त होतं. पत्रात तसं काही नाही, म्हणून पुढं जातो.

भावाचं साठ हजाराचं भिंग. लांबचं आणि जवळचं दोन्ही चष्म्याशिवाय दिसणारं भिंग उजेड वाटून घेतं: थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. त्याची किंमत रात्री कळते. दिव्याभोवती कडी दिसतात, फिक्या रंगाचं फिक्यावर ओळखू येत नाही. ज्याचा पडदा शुगरमुळं आधीच थकलेला असू शकतो, त्याच्या डोळ्यात मी असं भिंग घालायला सांगणार नाही, उजव्यातही नाही आणि डाव्यातही नाही. आप्पांना समोरच्या गाडीचा उजेड आत्ताच सोसत नाही. पोथी वाचायला जवळचा चष्मा लागतो, लागू दे. भावाची इच्छा मोडू नये असं वाटत असेल तर त्याला सांगा, त्या पैशातला थोडा भाग ओसीटी आणि लेसरला द्यायचा, आणि तपासणीच्या दिवशी रजा काढून बरोबर यायचं. आप्पा कदाचित त्याचं जास्त ऐकतील.

डाव्या डोळ्याचं मी आत्ता ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. उजव्याचं काय झालं ते कळून तो स्वच्छ झाला की आप्पांची भीती आपोआप निम्मी होईल. एका डोळ्यानं चांगलं दिसायला लागलं की लोक दुसऱ्याचं ऑपरेशन स्वतःहून मागतात, असा अनुभव आहे. फक्त फार वर्षं टाळू नका. मोतीबिंदू पिकून कडक झाला की ऑपरेशन अवघड होतं, आणि शुगरवाल्याचा पडदा तपासायला मोतीबिंदूच आडवा येतो. शुगर आटोक्यात आणून मगच तारीख घ्या.

मोतीबिंदू थंडीतच काढायचा असतो ही समजूत जुनी, आता तिला आधार नाही. पण खानापूरच्या पावसात रोपलावणीच्या दिवसांत मी कुठल्याच शेतकऱ्याला ऑपरेशनला बसवत नाही, कारण तो चौथ्या दिवशी चिखलात उतरतोच. गडी मिळत नाहीत, सांगून उपयोग नसतो. लावणी उरकू दे, किंवा सुगी झाल्यावर या.

त्या वेळी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाली वाढली, काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसतंय असं झालं, तर रविवार असो की सण, त्याच दिवशी जिथं ऑपरेशन झालं तिथं जायचं. डोळ्याच्या आत जंतू गेले असतील तर आत इंजेक्शन द्यावं लागतं आणि तिथं तासांचा हिशोब असतो. हजारात एखाद्याला होतं किंवा त्याहून कमी, पण पेपरात ‘शिबिरात डोळे गेले’ अशा बातम्या येतात त्या याच्याच असतात. त्यातही कारण बहुतेक वेळा हत्यारं, द्रावण, थेंब यांतल्या जंतूंचं असतं. भिंग कुठल्या कंपनीचं, याचा त्याच्याशी संबंध क्वचितच. महिन्या-दोन महिन्यांनी नजर उतरली तर तीही दाखवायची, तेव्हा पडद्याला सूज आलेली असू शकते आणि ती बहुतेकदा थेंबांनी उतरते.

आता तयारी. आप्पांचं दोन वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड शोधा. माळ्यावरच्या पेटीत, रेशन कार्डाबरोबर, कुठंतरी असेल. त्यावर एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं: भिंगाचं नाव, मॉडेल, ताकदीचा आकडा आणि अनुक्रमांक. कार्ड कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, स्टिकर सगळीकडं वाचता येतं. त्यावरून भिंग कुठल्या जातीचं हे कळतं आणि मघाच्या ‘पापुद्रा की भिंग’ या प्रश्नाला मदत होते. त्यावर २१ किंवा २२ असा आकडा बघून घाबरू नका, तो चष्म्याचा नंबर नव्हे. मूळ भिंगाची जागा घ्यायला साधारण तेवढीच ताकद लागते. स्टिकर नसेल तर जिथं ऑपरेशन झालं तिथल्या रजिस्टरमध्ये तारखेनं शोधता येतं, जाऊन मागा. मिळालं की मोबाइलवर फोटो काढून भावाला पाठवा, ‘हलक्या भिंगा’चा वाद तिथंच मिटेल. शुगरचा गेल्या तीन महिन्यांचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पट्टी आणि हाताशी असतील ते जुने चष्मे बरोबर घ्या.

संमतीच्या कागदावर न वाचता सही करू नका. तो कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणा. बेळगावच्या बहुतेक दवाखान्यांत काउंटरवरची मुलगी दोन्ही भाषा सहज बोलते, तिला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही बरोबर असायला हवं.

लेसरच्या दिवशी बाहुली मोठी केलेली असते, चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही. आप्पांना मोटारसायकलवरून किंवा एकटं एसटीनं परत पाठवू नका. टोपी आणि काळा चष्मा आणा, आणि मुक्काम त्या दिवशी तुमच्याकडं वडगावलाच ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दाब परत बघायला सांगितला तरी खानापूरहून पुन्हा यावं लागणार नाही.